‘भिजत घोंगडे’ : महाराष्ट्रातील लोकरी वस्त्रांची धुलाई व घरगुती निगा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एखादे काम हाती घ्यावे आणि ते पूर्ण न करता लांबणीवर टाकावे, या वृत्तीला मराठीत ‘घोंगडे भिजत ठेवणे’ असे म्हणतात. विधिमंडळातील चर्चेपासून घरातील वाटणीच्या वादापर्यंत हा वाक्प्रचार आजही सर्रास वापरला जातो. तथापि तो वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांनी घोंगडे भिजताना पाहिलेले नसते. भिजलेले घोंगडे उचलण्यास जड, पिळण्यास अशक्य आणि वाळण्यास चिवट असते. ते एकदा पाण्यात घातले की दिवसभराची निश्चिती नसते. हा अनुभव ज्या समाजाच्या नित्य जीवनाचा भाग होता, त्याच समाजात असा वाक्प्रचार जन्मास येऊ शकतो. म्हणजेच भाषेने एका घरगुती श्रमाचा इतिहास जपून ठेवला आहे. प्रत्यक्ष श्रम मात्र विस्मरणात गेला आहे.

महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासात पैठणी, हिमरू, इरकली लुगडे, सोलापुरी चादर यांविषयी विपुल लेखन झाले आहे. घोंगडीविषयीचे लेखन मुख्यतः धनगर समाजाच्या सामाजिक व धार्मिक अभ्यासाच्या ओघात झालेले दिसते. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या दैवतांचा व मौखिक परंपरेचा केलेला अभ्यास या संदर्भात मूलगामी आहे. परंतु वस्त्र तयार झाल्यानंतर ते घरात कसे वापरले गेले, कसे धुतले गेले, कसरीपासून कसे राखले गेले आणि हे काम कोणी केले, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या परिघाबाहेर राहिले. उत्पादनाचा इतिहास लिहिला जातो. निगराणीचा इतिहास लिहिला जात नाही. निगराणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे आणि श्रमिक जातींचे काम होते, हे यामागील एक महत्त्वाचे कारण होय.

उद्दिष्टे :

१. महाराष्ट्रातील लोकरी वस्त्रांच्या धुलाईच्या पारंपरिक पद्धतींचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. या पद्धतींमागील धार्मिक, ऋतुमानविषयक व वस्तुगत कारणांची चिकित्सा करणे.
३. साबण, सोडा, डिटर्जंट व कृत्रिम धागा यांच्या आगमनाने झालेल्या परिवर्तनाचा आढावा घेणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

‘लोकरी वस्त्र क्वचित धुणे हे अज्ञानाचे वा अस्वच्छतेचे लक्षण नसून लोकरीच्या गुणधर्मांशी सुसंगत अशी ती एक निगराणीची व्यवस्था होती’ असे गृहीतक येथे स्वीकारले आहे. त्याच्या पडताळणीसाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून धर्मशास्त्रीय ग्रंथ, भाषिक पुरावे, ग्रामव्यवस्थेविषयीचे लेखन आणि वस्त्रविज्ञानातील प्रस्थापित माहिती यांचा आधार घेतला आहे.

दख्खनी लोकर आणि घोंगडी :

पश्चिम महाराष्ट्रातील माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा हा अवर्षणप्रवण पट्टा मेंढपाळीचा परंपरागत प्रदेश होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीमुळे येथील धनगरवस्तीचे जीवन मराठी वाचकांना परिचित झाले. या प्रदेशातील दख्खनी मेंढी काटक असून तिची लोकर भरड, केसाळ आणि बहुतांशी काळी असते. एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा किलो लोकर मिळते. साधारणतः वर्षातून दोन वेळा कातरणी होते आणि कातरणीपूर्वी मेंढ्यांना ओढ्यात वा तळ्यात धुण्याची प्रथा आहे. लोकर मेंढीच्या अंगावर असतानाच होणारी ही धुलाई हाच लोकरीच्या धुण्याचा पहिला टप्पा होय.

कातरलेली लोकर पिंजणे, तिचे सूत काढणे, ताणा तयार करणे आणि खड्डामागावर विणणे या क्रमाने घोंगडी तयार होते. विणकामाचे काम प्रामुख्याने सनगर व खुटेकर धनगर या समाजांनी केले. सूतकताई मात्र स्त्रियांकडे राहिली. ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्यास चिंचोक्याची खळ दिली जाते. त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते व अंगाला टोचते. वापराने आणि एक-दोन धुण्यांनी खळ निघून गेल्यावर ती मऊ पडते. मळकट झालेले अन्य वस्त्र धुण्याने पूर्वस्थितीस येते. घोंगडी मात्र धुण्याने पूर्णत्वास येते, असे म्हणता येईल.

या वस्त्राचा आणखी एक विशेष असा की त्यास बहुधा रंग दिलेला नसतो. काळा, पांढरा व करडा हे मेंढीचेच रंग असल्याने धुताना रंग उतरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गिरणीप्रमाणे सोडा-साबणाने लोकर पूर्णतः निर्मळ केली जात नसल्याने तिच्यातील नैसर्गिक स्निग्धांशाचा काही भाग धाग्यात शिल्लक राहतो. या स्निग्धांशामुळेच पावसात घोंगडीची खोळ करून शेतकरी व मेंढपाळ दिवसभर रानात वावरू शकत. घोंगडी वारंवार वा तीव्र क्षाराने धुतल्यास हा स्निग्धांश निघून जातो आणि तिची पाऊस अडविण्याची शक्ती घटते. म्हणूनच घोंगडी कमी धुणे हा तिच्या उपयुक्ततेचा भाग होता.

धर्मशास्त्रातील लोकर : शुद्धी आणि धुलाई :

लोकर कशाने धुवावी याविषयीचे उल्लेख प्राचीन धर्मशास्त्रात आढळतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती, ‘कुतप’ नावाच्या कांबळ्यासाठी रिठा, तलम रेशमी वस्त्रासाठी बेलफळ आणि क्षौम वस्त्रासाठी पांढरी मोहरी अशी शोधनद्रव्ये सांगितली आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत लोकर व रेशीम यांकरिता खारी माती, पाणी व गोमूत्र यांचा, तर कुतपासाठी पुन्हा रिठ्याचाच निर्देश येतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही प्रख्यात टीका चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत, म्हणजे दख्खनच्याच भूमीत, विज्ञानेश्वराने रचली. त्याने कुतपाचा अर्थ पर्वतीय बोकडाच्या केसांपासून केलेली कांबळी असा दिला आहे.

या उल्लेखांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे वस्त्राच्या धाग्यानुसार शोधनद्रव्य बदलावे, ही जाणीव या ग्रंथकारांना होती. दुसरी म्हणजे कांबळ्यासाठी रिठा ही योजना किमान दोन स्वतंत्र स्मृतींमध्ये आढळत असल्याने ती एखाद्या ग्रंथकाराची लहर नसून प्रचलित व्यवहाराची नोंद असावी. अर्थात या ग्रंथांचा मुख्य विषय शुद्धाशुद्धता हा आहे, स्वच्छता नव्हे. हा भेद विसरता येत नाही. खाऱ्या मातीचा निर्देश आजच्या वस्त्रविज्ञानाच्या दृष्टीने लोकरीस फारसा अनुकूल नाही, हेही नमूद केले पाहिजे.

शुद्धतेच्या कल्पनेचा महाराष्ट्रीय आविष्कार ‘धाबळी’त दिसतो. ब्राह्मण घरांत पूजा, स्वयंपाक व भोजन या प्रसंगी सोवळे म्हणून रेशमी मुकटा अथवा लोकरीची धाबळी वापरली जात असे. सुती वस्त्र सोवळ्यासाठी दररोज धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा रीतीने वाळवावे लागे. लोकरी व रेशमी वस्त्रांना मात्र ही अट शिथिल होती. परिणामी धाबळी दिवसेंदिवस न धुता वापरता येई. लोकरीला घामाचा वास लवकर लागत नाही व ती वाऱ्यावर टाकली असता ताजी होते, हा अनुभव या सवलतीच्या मुळाशी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पावसाळ्यात सुती सोवळे वाळत नसे, तेव्हा धाबळीचा आधार विशेष वाटे.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. वस्त्र पवित्र मानले गेले, परंतु मेंढी राखणारे, लोकर कातरणारे व विणणारे हात वर्णव्यवस्थेच्या उतरंडीत खालीच राहिले. सोवळ्याची लोकर ज्यांच्या स्पर्शातून घडली, त्यांचा स्पर्श सोवळ्यास वर्ज्य होता. म्हणून लोकरीच्या पावित्र्याचा गौरव करताना त्यामागील सामाजिक विषमता झाकली जाऊ नये.

सूत आणि लोकर : परीट व घर :

गावगाड्यात कपडे धुण्याचे काम परिटाकडे होते व तो बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीच्या व्यवस्थेचे तपशीलवार विवेचन आढळते. परिटाची पद्धत सुती वस्त्रांना अनुसरून घडलेली होती. खारी माती वा सज्जीखार लावणे, भट्टीत वाफ देणे, दगडावर आपटणे आणि कडक उन्हात वाळविणे हे तिचे टप्पे होत. सुताला क्षार व उष्णता सोसते. लोकरीला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. त्यामुळे लोकरी वस्त्रांची निगा मुख्यत्वे घरातच राहिली, असे म्हणण्यास वाव आहे.

हा भेद समजून घेण्यासाठी धाग्याची रचना लक्षात घ्यावी लागते. सूत हे वनस्पतिजन्य सेल्युलोज असून लोकर हे केराटिन नावाचे प्रथिन आहे. मानवी केस व नखेही याच प्रथिनाची बनलेली असतात. तीव्र क्षारात केराटिनची वीण उसवते. कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के उकळत्या द्रावणात तर लोकर विरघळून जाते. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांप्रमाणे सूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके एकाच दिशेस असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण एकत्र आले की तंतू एका दिशेने सरकतात, परस्परांत अडकतात व पुन्हा मागे येऊ शकत नाहीत. यालाच वस्त्र आटणे किंवा त्याचा नमदा होणे असे म्हणतात.

हाच गुणधर्म कारागिरांनी हेतुपूर्वकही वापरला. घोंगडीखेरीज ‘जेन’ नावाचे जाड लोकरी अंथरूण या प्रदेशात तयार होते. ते विणले जात नाही. लोकरीचे थर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून व दाबून घट्ट केले जातात. जेन करताना जे घडावे लागते, तेच वस्त्र धुताना घडू नये, यासाठी दक्षता घ्यावी लागते. लोकर केव्हा आटते आणि केव्हा आटत नाही याचे ज्ञान या समाजांना व्यवहारातून पक्के होते, हे यावरून सिद्ध होते.

दसऱ्याचे धुणे :

घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची प्रथा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वत्र आढळते. ‘दसऱ्याचे धुणे’ या नावाने ती ओळखली जाते. वाकळा, चादरी, गोधड्या आणि घोंगड्या बैलगाडीतून वा डोक्यावरून पाणवठ्यावर नेल्या जात. धार्मिक दृष्ट्या ही देवीच्या आगमनाची तयारी होय. परंतु या काळाची निवड लोकरीच्या दृष्टीनेही अत्यंत समर्पक आहे. पावसाळा ओसरत आलेला असतो, नद्या-ओढ्यांना वाहते पाणी असते, पाऊस उघडला की ऊन चांगले पडते आणि थंडी अद्याप सुरू झालेली नसते. चार महिने ओल धरलेली व पावसात भिजलेली घोंगडी थंडीत पांघरण्यापूर्वी एकदा स्वच्छ होऊन निघे. अवर्षणप्रवण भागात वर्षातील अन्य काळात एवढे पाणी उपलब्ध होणे दुर्मीळ होते. वर्षातून एकदाच धुणे ही सवय पाण्याच्या उपलब्धतेशीही निगडित होती.

प्रत्यक्ष धुण्याची रीत साधी, परंतु श्रमाची होती. घोंगडी प्रथम झटकून तिच्यातील धूळ, काडीकचरा व कुसळे काढली जात. त्यानंतर ती वाहत्या थंड पाण्यात भिजविली जाई. रिठ्याची फळे फोडून, टरफले रात्रभर भिजवून वा कोमट पाण्यात कुसकरून त्यांचा फेस काढीत. काही घरांत शिकेकाईचाही उपयोग होई. घोंगडी खडकावर पसरून पायांनी तुडविली जाई व पुन्हा प्रवाहात सोडून खळबळली जाई. ती सुती वस्त्राप्रमाणे पिळली जात नसे. दोघींनी दोन टोके धरून वा खडकाच्या उतारावर टाकून पाणी निथळू देणे हीच पद्धत होती. नंतर ती कुंपणावर, झुडपांवर वा गवतावर पसरून वाळविली जाई. ओली घोंगडी एका टोकाने टांगल्यास पाण्याच्या भाराने ताणून बेढब होते, म्हणून ती पसरून वाळविणे इष्ट ठरे.

रिठ्याचे महत्त्व येथे विशेष आहे. रिठ्यातील सॅपोनिन या घटकामुळे फेस येतो व मळ सुटतो, परंतु त्याचे पाणी क्षारधर्मी नसून किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे तो लोकरीस व रेशमास अपाय करीत नाही. तसेच मळ काढताना धाग्यातील स्निग्धांश साबण-सोड्याइतका खरवडून काढत नाही. पायाने तुडविण्याच्या क्रियेविषयी असा आक्षेप घेता येईल की त्यामुळे लोकर आटावयास हवी. परंतु दख्खनी लोकर भरड असून अशा तंतूंची आटण्याची प्रवृत्ती मेरिनोसारख्या तलम लोकरीपेक्षा कमी असते. थंड पाण्यात माफक तुडविल्याने घोंगडीची वीण थोडी घट्ट होते व ते तिच्या उपयोगास पोषकच ठरते. मेरिनोच्या स्वेटरसाठी मात्र हीच पद्धत घातक ठरेल. म्हणजे धुलाईची रीत ‘लोकर’ या सामान्य पदार्थासाठी नव्हे, तर विशिष्ट मेंढीच्या विशिष्ट लोकरीसाठी विकसित झालेली होती.

या श्रमाचे विभाजनही पाहण्यासारखे आहे. गाडी जुंपणे व ओझे वाहणे हे पुरुषांचे काम असले, तरी भिजविणे, तुडविणे, खळबळणे, वाळत घालणे व घड्या करणे ही कामे प्रायः स्त्रियांची होती. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत आर्द्रता शोषूनही हाताला ओली लागत नाही. प्रत्यक्ष पाण्यात बुडविल्यावर तर तिचे वजन कित्येक पटींनी वाढते. प्रवाहात उभे राहून असे ओझे वारंवार उचलणे हे कष्टाचे काम होते. ‘घोंगडे भिजत ठेवणे’ या वाक्प्रचारात आळसाची निर्भर्त्सना आहे. परंतु हे काम पुढे ढकलावेसे का वाटे, याचे उत्तर स्त्रियांच्या या श्रमात दडलेले आहे.

ऊन, वारा आणि कसर :

धुलाई वर्षातून एकदा होत असली तरी निगा वर्षभर घेतली जाई. सकाळी पांघरूण झटकणे, मधूनमधून उन्हात टाकणे, ओल लागल्यास चुलीजवळच्या उबेत सुकविणे, फाटलेली कड दोऱ्याने शिवणे अशा लहान कृतींनी घोंगडीचे आयुष्य वाढे. जुनी झालेली घोंगडी बैठकीसाठी, धान्य वाळविण्यासाठी वा जनावराच्या पाठीवर टाकण्यासाठी वापरली जाई.

लोकरीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कसर. कसरीच्या पतंगाची अळी केराटिन पचवू शकते व अंधाऱ्या, न हलविलेल्या वस्त्रात ती वाढते. घाम व अन्नाचे डाग तिला विशेष मानवतात. त्यामुळे उन्हात टाकणे व झटकणे हा तिच्यावरील परिणामकारक उपाय ठरतो. अंडी व अळ्या झडून पडतात आणि प्रकाशापासून अळ्या दूर पळतात. साठवणीच्या वेळी कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंड, कापूर किंवा तंबाखूची पाने घड्यांमध्ये ठेवली जात. सरदार-जहागीरदारांच्या घरातील काश्मिरी शालजोड्या मलमलीत गुंडाळून ठेवीत. काश्मीरमध्ये शालींच्या रक्षणासाठी कोष्ठ या सुगंधी मुळाचा उपयोग होत असे. पुढे औद्योगिक काळात डांबरगोळी आली. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थलीनचा शोध १८२० च्या सुमारास लागला आणि मराठीने तिच्या नावातच तिचे मूळ नोंदवून ठेवले.

वसाहतकाळ : नवे वस्त्र, नवा साबण :

विलायती लोकरी कापड महाराष्ट्रास सर्वस्वी अपरिचित नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकापासून सुरतेच्या वखारीमार्फत असे कापड आणले. बनात व सकलाद ही नावे मराठी कागदपत्रांत रुळली होती. तथापि ती वस्त्रे दरबारी वर्गापुरती मर्यादित होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातच लोकरीच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कानपूरची ‘लाल इमली’ गिरणी १८७६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ठाणे येथे १९२५ मध्ये रेमंड गिरणीची स्थापना झाली. गिरणीचे तलम, रंगविलेले लोकरी कापड घोंगडीपेक्षा सर्वस्वी निराळे होते. त्याचा रंग उतरू शकत असे, ते आटू शकत असे आणि त्यास घडी व इस्त्री आवश्यक होती. त्यासाठी नव्या ज्ञानाची गरज निर्माण झाली.

याच सुमारास वडीच्या साबणाचे आगमन झाले. लिव्हर ब्रदर्सचा ‘सनलाइट’ साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. सुती कपड्यांसाठी हा साबण सोयीचा होता. परंतु क्षारधर्मी असल्याने लोकरीसाठी तो जपून वापरावा लागे.

१८९६ मध्ये मुंबईत व त्यानंतर पुण्यात उद्भवलेल्या प्लेगच्या साथीने वस्त्रांच्या स्वच्छतेचा प्रश्न राजकीय बनविला. घरांची झडती, सामान बाहेर काढणे, अंथरुणे-पांघरुणे निर्जंतुक करणे वा जाळणे या उपायांनी तीव्र असंतोष निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग कमिशनर रँड याच्यावर झालेला हल्ला ही त्याची परिणती होती. गरिबाच्या घरात पांघरूण ही मौल्यवान व दीर्घकाळ टिकणारी मालमत्ता होती, हे ध्यानात घेतल्यास या असंतोषाची आर्थिक बाजूही स्पष्ट होते. सुती वस्त्र उकळून निर्जंतुक करता येते; लोकरी पांघरूण उकळणे म्हणजे ते नष्ट करणेच होय. दुसरीकडे, वर्षानुवर्षे सामाईक वापरल्या जाणाऱ्या पांघरुणातून उवा-पिसवांचा प्रसार होतो, हेही सत्य आहे. परंपरागत निगराणीच्या मर्यादा अशा प्रसंगी उघड झाल्या.

विसाव्या शतकात घोंगडीला एक निराळे सामाजिक मूल्य प्राप्त झाले. रयत शिक्षण संस्थेचे (स्थापना १९१९) संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या खांद्यावरील घोंगडी ही बहुजन समाजाशी असलेल्या बांधिलकीची खूण ठरली. जे वस्त्र गावंढळपणाचे लक्षण मानले जाई, तेच स्वाभिमानाचे प्रतीक झाले.

गृहशास्त्र, स्वेटर आणि कृत्रिम धागा :

स्त्रीशिक्षणाच्या प्रसाराबरोबर गृहशास्त्र हा विषय अभ्यासक्रमात आला आणि लोकरी वस्त्रांची धुलाई हा पाठ्यपुस्तकातील धडा झाला. कोमट पाणी घ्यावे, रिठ्याचा वा सौम्य साबणाचा फेस करावा, वस्त्र चोळू नये व पिळू नये, हलक्या हाताने दाबून पाणी काढावे, सर्व पाण्यांचे तापमान सारखे ठेवावे आणि धुण्यापूर्वी स्वेटरची बाह्याकृती कागदावर काढून वाळविताना त्याच मापात ते सपाट पसरावे, हे नियम अनेक पिढ्यांच्या विद्यार्थिनींनी प्रात्यक्षिक वहीत उतरविले. स्त्रियांच्या नियतकालिकांतील विणकामाच्या सदरांनी हाती विणलेला स्वेटर मध्यमवर्गीय घरात पोहोचविला. नदीवरील सामूहिक धुलाईची जागा न्हाणीघरातील घमेल्याने घेतली. विशेष म्हणजे या नव्या शास्त्रातही रिठा टिकून राहिला. मात्र ज्या स्त्रियांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला, त्यांच्या ज्ञानाचा उल्लेख पुस्तकांत अभावानेच आला.

स्वातंत्र्योत्तर काळात बदलाचा वेग वाढला. १९५९ मध्ये सर्फ व १९६९ मध्ये निर्मा ही धुलाईची चूर्णे बाजारात आली. निर्मामुळे डिटर्जंट सामान्यांच्या आवाक्यात आले. परंतु सोडा ॲशयुक्त चूर्ण लोकरीस प्रतिकूल असते. पुढे आलेल्या काही चूर्णांत प्रथिनांचे डाग काढणारी विकरे असतात. लोकर हेही प्रथिनच असल्याने ही विकरे डाग व वस्त्र यांत भेद करीत नाहीत. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालयाने ‘वूलमार्क’ हे चिन्ह प्रचारात आणले. धुलाईच्या सूचना वस्त्राच्या पट्टीवर येऊ लागल्या आणि आजीकडून सुनेकडे जाणारे ज्ञान चिन्हांच्या भाषेत बंदिस्त झाले.

तथापि निर्णायक बदल घडविला तो ॲक्रिलिक धाग्याने. कॅशमिलॉन या नावाने परिचित झालेला हा धागा स्वस्त, रंगीत, न आटणारा व कसर न लागणारा होता. तो कसाही धुतला तरी चाले. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आणि सोलापुरी सुती चादरी यांनी घोंगडीची जागा व्यापली. निगा घेण्याची आवश्यकता संपली आणि तिच्याबरोबर निगेचे ज्ञानही मागे पडले.

याचा आघात मूळ उत्पादकांवर झाला. आज मांसासाठी मेंढीपालन किफायतशीर आहे. लोकरीस मात्र अनेकदा कातरणीच्या मजुरीइतकाही भाव मिळत नाही व ती टाकून द्यावी लागते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. देवावर वाहिली जाणारी ही वस्तू बाजारात मात्र निरुपयोगी ठरली आहे. घोंगडी विकत घेणाऱ्या नव्या शहरी ग्राहकास ती धुवावी कशी हे ठाऊक नसते. धुलाई यंत्रात गरम पाण्याने व चूर्णाने धुतलेली घोंगडी खराब झाली, की दोष विणकराच्या माथी मारला जातो. निगराणीचे ज्ञान लोपल्यास वस्तूचे पुनरुज्जीवनही टिकू शकत नाही, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१. लोकरी वस्त्रे क्वचित धुण्याची परंपरा लोकरीचे गुणधर्म, पाण्याची उपलब्धता व ऋतुचक्र यांच्याशी सुसंगत होती. त्यामुळे प्रस्तुत अभ्यासाचे गृहीतक मुख्यतः सिद्ध होते. तथापि साथीच्या काळात या व्यवस्थेच्या मर्यादाही दिसून आल्या.
२. रिठ्याचा उपयोग स्मृतिग्रंथांपासून गृहशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत सातत्याने आढळतो. त्याची लोकरीशी असलेली अनुकूलता आधुनिक वस्त्रविज्ञानानेही मान्य केली आहे.
३. धर्मशास्त्राने लोकरीस पवित्र मानले, परंतु ती निर्माण करणाऱ्या समाजांना प्रतिष्ठा दिली नाही. निगराणीचा भार वाहणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचीही नोंद झाली नाही.
४. क्षारधर्मी चूर्णे व कृत्रिम धागा यांमुळे निगराणीची परंपरा खंडित झाली आणि त्याचा प्रतिकूल परिणाम दख्खनी लोकरीच्या अर्थव्यवस्थेवर झाला.
५. घोंगडीच्या विक्रीबरोबरच तिच्या धुलाईची माहिती साध्या मराठीत ग्राहकांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे : थंड पाणी, रिठ्याचा फेस, न पिळता निथळविणे, पसरून वाळविणे व वरचेवर ऊन दाखविणे. या पाच सूचनांची एक चिठ्ठी प्रत्येक घोंगडीसोबत देण्यास विणकर सहकारी संस्थांना फारसा खर्च येणार नाही.

वस्त्राचा इतिहास मागावर संपत नाही. ते वस्त्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धुतले, वाळविले व सांधले, त्यांचाही त्यात वाटा असतो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात या वाट्याची नोंद होण्याचे कार्य मात्र अद्याप भिजत घोंगड्यासारखेच पडून आहे.